भांड्यांचा कौल

२६ ऑक्टोबर, रविवार

अनीशनं निघता निघता विषय काढलाच! चार दिवस दिवाळीला राहिला, चकल्या संपवल्या, दुपारच्या झोपा काढल्या, तेव्हा अवाक्षर नाही. आणि सून मनवा गाडीत बसलेली, याचा एक पाय आत नि एक रस्त्यावर, तेव्हा म्हणतो, "बाबा, आमच्या समोरचा फ्लॅट रिकामा होतोय. मालकाला वीस तारखेपर्यंत सांगायचंय. तुम्ही दोघं कायमचे पुण्याला या. इथलं घर देऊन टाकू भाड्यानं."

मी म्हटलं, "आईशी बोलून सांगतो." हे माझं ठरलेलं उत्तर.

गाडी कोपऱ्यावर वळल्यावर शोभाला विचारलं. ती पायरीवरच्या पणत्या गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही ठरवा."

काही हरकत नाही. संध्याकाळी भांडी घासेल तेव्हा कळेलच.

२७ ऑक्टोबर

हे फक्त इथेच लिहितो. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत शोभा मला तोंडानं 'नाही' असं क्वचितच म्हणाली असेल. तिचं 'नाही' स्वयंपाकघरातून येतं. मी नागापूरला एमआयडीसीत पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. ठोक्याचा आवाज जरासा बदलला की केबिनमधूनच ओरडायचो — तीन नंबरची डाय गेली! पोरं जाऊन बघायची, खरंच गेलेली असायची. असल्या कानाला बायकोची भांडी म्हणजे काय अवघड?

सगळे चमचे एकदम सिंकमध्ये ओतले — घाई आहे, आपला काही संबंध नाही. ताटल्या एकीवर एक सरकवून ठेवल्या — ठीक चाललंय. झाकण ओट्यावर गरगरत राहिलं आणि तिनं हात लावून थांबवलं नाही — माहेरचं कोणीतरी काहीतरी बोललेलं आहे. आणि कढई आपटली, की विषय संपला. गेल्या वर्षी मेव्हणा चारचाकी घ्या म्हणून मागे लागला होता. कढई! या उन्हाळ्यात शेजारचा गहिनीनाथ म्हणाला, उटीच्या सहलीत तुमची दोघांची नावं घालतो. पातेलं, आणि वर कढई! मी दोघांनाही सांगून टाकलं, शोभाचं मन नाही. बायकोचं मन नाही म्हटल्यावर पुढे कोण बोलतो?

अलीकडे तर तिची मतं फारच ठाम झालीत. वय वाढलं की माणूस ठाम होतो.

काल मात्र कौल मिळाला नाही. फराळावरच भागवलं, त्यामुळे दोन कपबश्या आणि एक गाळणी. एवढ्यावर मी निर्णय देत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी दारात टेम्पो. त्यातून दोन माणसांनी हे एवढं खोकं उतरवलं. भांडी घासायचं मशीन! अनीशनं पाठवलंय. मला विचारलं नाही, सांगितलं नाही.

स्वयंपाकघरातली गव्हाची कोठी बाहेरच्या खोलीत आली आणि तिच्या जागी हे बसलं. जोडणारा पोरगा सगळं शोभाला समजावून सांगत होता — खालच्या कप्प्यात कढया, वरती वाट्या, नगरच्या पाण्याला क्षार फार म्हणून मशीनला वेगळं मीठ घालायचं. शोभा कान देऊन ऐकत होती. आमच्या लग्नात भटजींचंसुद्धा एवढं ऐकलं नव्हतं. माझ्या हातात फक्त रिकामं खोकं आलं — माळ्यावर टाका म्हणे.

मालनबाई केर-फरशीला आली होती. कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "मीठ घालायचं? म्हंजी ह्यात भांडी धुत्यात का शिजवत्यात?"

मला अनीशचा डाव बरोबर कळला. पुण्याच्या सवयी इथंच लावायच्या. आई एकदा मशीनला सरावली की फ्लॅटला सरावायला कितीसा वेळ! पोरगं कोणावर गेलंय कोण जाणे.

३० ऑक्टोबर

मशीन चालवलं. आतून सुर्र सुर्र. बाकी काही नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आता माझ्या लक्षात आलं की घोटाळा कुठे झालाय. पोरगं आयुष्याचा प्रश्न टाकून गेलं आणि तीन दिवसांत उत्तराची वाटच बंद करून टाकली!

मालनबाईच्याही लक्षात आलं. फरशी पुसता पुसता हळूच म्हणते, "काका, एक सांगू का? मी आदी फाटकातनंच कान द्यायची. काकूंची भांडी लई वाजत असली की गुमान अंगन झाडायला घ्यायची, आत यायचीच न्हाई. आता काय कळंना झालंय. काल शिरले नि बोलनी खाल्ली!"

म्हणजे मी एकटाच नव्हतो.

भांडी शोभा कधी मालनबाईला देत नाही, हेही मला आज उमगलं. देईल कशी? आपलं तोंड कोणी दुसऱ्याच्या हाती देतं का?

४ नोव्हेंबर

दुसरे आवाज वाचून बघतोय. मिक्सर — कामाचा नाही, राग असो लोभ असो, एकच सूर. कुकर — शिट्टी कुकरची आणि मतही कुकरचंच. पोळपाट-लाटण्यात थोडा अर्थ वाटला, पण मग कळलं की पोळपाटाचा एक पाय लंगडा आहे. खाली कागदाची घडी घातल्यावर तोही गप्प झाला.

जेवताना सहज म्हणून विषय काढला. "त्या फ्लॅटला म्हणे दोन बाल्कन्या आहेत."

"असतील."

"हवा चांगली येत असेल."

"येत असेल."

"मग? तुला काय वाटतं?"

"मी म्हटलं ना, तुम्ही ठरवा." आणि ताटल्या उचलून मशीनमध्ये ठेवल्या. ठेवल्या! रबराच्या दातांत. टिक् नाही की टक् नाही.

५ नोव्हेंबर

सकाळी कुंपणाशी गहिनीनाथ. त्यानंही विचारलंच. "शामकांतराव, वयनींची भांडी लई दिस ऐकली न्हाईत. समदं बरं हाय ना? का गेल्या माहेरला?"

मी मशीनचं सांगितलं. त्यानं मान हलवली. "मंग तुमचं काय खरं न्हाई. आमची छबू बोलती तरी तोंडानं. लई बोलती, पन कळतं तरी."

त्याला पुण्याचं नाही सांगितलं. सांगितलं की खरं होईल असं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

अनीशचा फोन. "काय ठरलं, बाबा?"

"आईचं अजून कळत नाहीये."

"म्हणजे? विचारा ना तिला."

"विचारलंय!"

"मग काय म्हणाली?"

"तुम्ही ठरवा म्हणाली."

"मग ठरवा!"

पलीकडे मनवा खुसखुसल्याचा आवाज आला. हसण्यासारखं काय आहे यात?

९ नोव्हेंबर, रविवार

युक्ती केली. गहिनीनाथ आणि छबूबाईंना जेवायला बोलावलं. पिठलं, भाकरी, ठेचा, वर मसालेभात. म्हटलं, मोठं पातेलं काढावं लागेल, लोखंडी तवा निघेल, परात निघेल. यातलं काही मशीनमध्ये मावत नाही. मग बसतो बाहेर पेपर घेऊन.

शोभानं पत्रावळ्या आणि द्रोण काढले! "मशीनला एकदम भार नको." पातेलं छबूबाईंनीच मागच्या नळावर राखेनं घासून टाकलं — बोलत बोलत. त्यात शोभाचं मत कुठून येणार?

मसालेभात मात्र चांगला झाला होता.

१२ नोव्हेंबर

दिवस चाललेत. रोज सकाळी उठलं की मी कॅलेंडरवरची वीस तारीख बघतो. शोभा खुशाल आहे. काल तर मशीनला हळदी-कुंकू लावलेलं बघितलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

केलं एकदाचं!

शोभा भिशीला गेली होती. मी मशीनमागे हात घालून पाण्याचा कॉक बंद करून टाकला. दोन मिनिटांचं काम. प्रेस शॉपला याला 'लाइन बंद करून चेक करणे' म्हणत. यात काही वाईट नाही.

संध्याकाळी तिनं बटण दाबलं. लाल दिवा, आणि टिंव टिंव टिंव.

"बिघडलं वाटतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच जरा जास्त गोड वाटला.

"अहो, आता?"

"कंपनीत फोन करतो उद्या."

तिनं बाह्या सारल्या आणि सिंकचा नळ सोडला. मी पेपर घेऊन दाराशी खुर्ची ओढली.

काहीही नाही! एकेक भांडं असं हळू ठेवत होती, जणू झोपलेलं मूल खाली ठेवतेय.

१४ नोव्हेंबर

मशीनच्या कंपनीला फोन केला असं सांगितलं. केला नाही. "माणूस पाठवतो म्हणाले, जरा वेळ लागेल."

आजही तेच. उलट आज दोन भांड्यांच्या मध्ये बराच वेळ जातो. विचार करत असणार. मोठा प्रश्न आहे, विचार होणारच. मी दोनदा खाकरून मी इथेच आहे हे कळवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

कढई!!

सकाळी सव्वानऊला — मी मुद्दाम घड्याळ बघितलं — लोखंडी कढई, ओट्यावरून थेट फरशीवर. अशी वाजली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. त्यानंतर एक पेलाही. आता शंकेला जागा नाही. शोभाला पुण्याला जायचं नाही!

काय सांगू काय वाटलं! तीन आठवड्यांनी श्वास आला. चहा न पिताच कुंपणाशी गेलो आणि गहिनीनाथला पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. "पोरगा पुण्याला बोलवत होता. पण शोभाचं मन नाही." तो म्हणाला, "मंग झालंच! वयनी न्हाई म्हनल्यावर तुमी तरी काय करनार!" अगदी बरोबर. मी तरी काय करणार.

घरात आलो, अनीशला फोन लावला. "हॅलो अनीश, अरे, ठरलं बरं का. आईचं मन नाही..."

मागे शोभा उभी. ओल्या हातांनी. उजवा हात डाव्या हातात धरलेला.

"काय सांगताय त्याला?"

"हेच. तुझं मन नाही म्हणून."

"मी कधी म्हटलं?"

"आत्ता. म्हणजे... कढई..."

"कढई काय म्हणाली?"

चौतीस वर्षांत हे असं कोणी मला विचारलं नव्हतं. फोनमधून अनीशचं "हॅलो? हॅलो?" चाललेलं.

शोभानं माझ्या हातातून फोन घेतला. "अनीश, मी यायला तयार आहे. उद्या म्हणालास तर उद्या. तुझ्या बाबांचं काय ते त्यांना विचार." आणि फोन मला परत देऊन आत गेली.

मी फोन बंद करून टाकला.

१७ नोव्हेंबर

माळ्यावरची मोठी बॅग तिनं मालनबाईकडून खाली काढून घेतली. पुसून उन्हात ठेवलीय.

१७ नोव्हेंबर, दुपारी

त्यात माझे स्वेटर ठेवले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ही पानं कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. मला जायचं नाही.

मे महिन्यात अनीशकडे आठ दिवस राहिलो होतो. काही कमी नव्हतं. पोरगा चांगला, सून चांगली. पण खिडक्या लावल्या की बाहेर जग आहे की नाही तेच कळत नाही. लिफ्टचं टिंग, फ्रीजची घरघर, बस्स. चार वाजलेत का सात, पाणी आलंय का गेलंय, समोरच्या घरात कोणी हसलं का रडलं — सगळं मोबाईलवर बघायचं. माझ्या कानांना तिथं कामच नव्हतं. आठव्या दिवशी मी लिफ्टच्या बेअरिंगमध्ये खोट काढली, तर वॉचमन म्हणाला, अंकल, आप आराम करो.

आणि आमची गल्ली कानावर चालते. शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला की शोभा कुकर चढवते. नळात हवा खाकरली की सगळ्या घरांतून बादल्या सरकतात. कुठल्या घरचं फाटक करकरलं यावरून कोण आलं ते दार न उघडता कळतं. गहिनीनाथची गाडी तिसऱ्या किकला सुरू होते. एकदा पाचव्या किकपर्यंत झाली नाही तर आम्ही तिघं शेजारी बाहेर आलो होतो, याला काही झालं की काय म्हणून. लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. दिवाळीत मनवा दचकून उभी राहिली. आम्ही दोघं चहा पीत होतो. शोभा म्हणाली, "आज लवकर सुरू केलं." इतकंच. हे सोडून मी कुठं जाऊ? मी तिथं बहिरा होईन.

हे मला तोंडानं म्हणता येत नाही. पोरानं हौसेनं बोलावलंय. त्याला 'मला नको' कसं म्हणायचं? 'आईला नको' म्हणणं किती सोपं होतं!

आणि ही बाई तर स्वेटर भरतेय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पोहे खाताना बोललो. आधी दोनदा पाणी प्यायलो. मग म्हटलं, "शोभा, मला नाही जायचं."

तिनं चमचा थांबवला. "कोणाला?"

"मला. तुला जायचं असेल तर तू... म्हणजे मग आपण बघू काय करायचं ते. पण मला नाही जायचं. तुझं मन नाही असं नाही. माझंच नाही."

माझे कान असे तापले होते, जसा काही मी लग्नाची मागणी घालतोय. तिनं चमचा बशीत ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

"बरं," ती म्हणाली. "लिंबू हवंय का अजून?"

मग उठता उठता, "अनीशला तुम्हीच सांगा. असंच सांगा, जसं मला सांगितलंत."

२० नोव्हेंबर, गुरुवार

अनीशला फोन केला. म्हटलं, मला यायचं नाही. मला. राग मानू नकोस.

तो मोठ्यानं हसला. "बाबा, मी त्या रविवारी तुमच्याकडून निघून वाटेत सुप्याला पोचायच्या आत आईचा फोन आला होता. बाबा येणार नाहीत म्हणाली. पण त्यांना त्यांच्या तोंडानं सांगू दे, तोवर तू गप्प बस. आणि इथंच राहायचं तर मला भांड्यांचं मशीन पाठव म्हणाली. म्हणून तर पाठवलं!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते बिघडलंय ना? माणूस लवकर बोलवा हो. तिच्या उजव्या हाताची बोटं दोन वर्षं झाली आखडतात, भांडं धरवत नाही, निसटतं. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, घर डोक्यावर घ्याल म्हणून. परवा रविवारी कढई पायावर पडता पडता राहिली."

दोन वर्षं.

स्वयंपाकघरात गेलो. शोभा सिंकशी उभी होती. तिला बाजूला हो म्हटलं, खाली बसलो आणि मशीनमागचा कॉक उघडला.